‘दिवसभर वावरातच असते, आणखी कसला व्यायाम?’

पत्राचा सारांश: अमळनेर तालुक्यातली एक वाचक. बी.पी.टी. आणि मग कम्युनिटी फिजिओथेरपीत एम.पी.टी. झालेली, वय २७. दोन वर्षांपासून जळगावच्या एका खासगी दवाखान्यात काम करते. शुगर, बीपी आणि गुडघेदुखी एकत्र असलेल्या बायका तिच्याकडे रोज येतात. ‘व्यायाम करा’ म्हटलं की त्या म्हणतात, ‘दिनभर तं वावरमाच ऱ्हास, आखो कसाना व्यायाम?’ दीर्घकालीन आजार आणि शारीरिक हालचाल यावर संशोधन करून प्राध्यापकीत जावं असं तिला वाटतं. घरचे म्हणतात, क्लिनिक टाक. तिचे प्रश्न असे: विषय कोणता घेऊ? पीएच.डी. कुठून करू? खानदेशात राहून हे होईल का? आणि तोवर पोट कसं भरायचं?

ताई,

विषय तुमच्या पत्रातच आहे. त्या बाईचा प्रश्न तुम्ही अडचण म्हणून लिहिलात, पण या क्षेत्रातला एक मोठा, अर्धवट सुटलेला प्रश्न तोच आहे. हालचाल आणि आजार यांच्या अभ्यासाची सुरुवात १९५३ साली लंडनच्या बसमधून झाली. जेरी मॉरिस यांनी दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी असतो. म्हणजे सुरुवात कामातल्या हालचालीपासूनच झाली. पुढे मात्र बहुतेक पुरावा खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचा आणि त्यांच्या फावल्या वेळातल्या व्यायामाचा जमला. कामातले कष्ट आणि मोकळ्या वेळातला व्यायाम शरीराला सारखाच फायदा देतात का, यावर आजही वाद आहे. कापूस वेचणाऱ्या बाईला त्यातलं काय लागू पडतं, हे कोणीतरी शेतात जाऊन तपासायला हवं.

भारतातलंच उदाहरण घ्या. डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या चेन्नईच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर प्रयोग केला. २००६ साली आलेल्या निष्कर्षांत आहार आणि हालचालीतल्या बदलाने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. मात्र जे आधीच अंगमेहनतीचं काम करत होते, त्यांना ‘आहे तेच चालू ठेवा’ असं सांगितलं होतं. तुमच्या रुग्णांचा प्रश्न नेमका तिथे उरतो. अंगमेहनत करूनही ज्यांना शुगर झाली, त्यांना काय सांगायचं?

आमचं स्पष्ट मत असं की ‘मधुमेहात व्यायामाचा परिणाम’ हा विषय घेऊ नका. त्यावर ढीगभर काम झालं आहे. २०११ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त, आखीव व्यायामाने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) सरासरी ०.८९ ने उतरलं, १५० किंवा त्याहून कमी मिनिटांनी ०.३६ ने. नुसत्या तोंडी सल्ल्याने, आहारात बदल नसेल तर, काहीच फरक पडला नाही. तुम्ही नवं देऊ शकता ते दोन ठिकाणी: शेतातल्या कामाचं खरं मोजमाप, आणि त्या कामात जे मिळत नाही ते नेमकं ओळखून देणं. आमचा अंदाज स्नायूंच्या ताकदीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्यांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईचे तास भरतात, पण मांडीच्या स्नायूंवर हळूहळू वाढत जाणारा भार तिच्या दिवसात बहुधा येत नाही. हे गृहीतक आहे, तपासण्याजोगं आहे आणि ते खानदेशातच तपासता येतं.

मोजमापाबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण या विषयातले प्रबंध तिथेच फसतात. सगळे उचलतात ती जीपॅक ही हालचाल मोजायची, जागतिक आरोग्य संघटनेची १६ प्रश्नांची प्रश्नावली. ती काम, येणं-जाणं आणि फावला वेळ वेगवेगळा विचारते, म्हणून आपल्याकडे बरी. पण हिशेब करून बघा: आठवड्यात ५ दिवस, रोज ६ तास मध्यम काम म्हणजे १८०० मिनिटं. गुणिले ४ मेट (शांत बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते ते माप), झाले ७२०० मेट-मिनिटं. ‘पुरेशी सक्रिय’ ठरायला ६०० पुरतात. म्हणजे तुमच्या अभ्यासातली जवळजवळ प्रत्येक शेतमजूर बाई ‘अतिसक्रिय’ निघणार, आणि सगळेच एका रकान्यात गेले की तुलनेला उरतच नाही. शिवाय प्रश्नावली ‘नेहमीचा आठवडा’ विचारते. कपाशीच्या पट्ट्यात नेहमीचा आठवडा असतो कुठे? जूनची लागवड, पावसाळ्यातली निंदणी, दिवाळीच्या आगेमागे वेचणी आणि एप्रिल-मेमध्ये कोरडवाहू गावात कामच नाही. म्हणून त्याच बायका दोन हंगामांत मोजा, एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि एकदा एप्रिल-मेमध्ये. महिना न लिहिता गोळा केलेला जीपॅकचा आकडा इकडे निरुपयोगी आहे.

मग वाटतं, अंगाला बांधून हालचाल मोजणारं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर लावू. त्याचेही डोळे ठरावीकच बघतात. कमरेला बांधलेलं यंत्र चालणं नीट मोजतं, पण वाकून सावकाश पुढे सरकत हातांनी केलेली वेचणी त्याला हलकी हालचाल वाटते, आणि डोक्यावरचा भारा त्याला दिसतच नाही. मांडीला चिकटवायचं यंत्र मांडी आडवी झाली की माणूस बसला असं धरतं, त्यामुळे उकिडवं बसून केलेली निंदणी ‘बैठी’ म्हणून नोंदली जाण्याची मोठी शक्यता. यंत्रांच्या मोजणीत मध्यम हालचालीची रूढ सीमारेषा मिनिटाला १९५२ नोंदींची (यंत्राने टिपलेल्या हालचालींच्या एककांची) आहे. ती १९९८ साली ट्रेडमिलवर चालणाऱ्या-धावणाऱ्या तरुणांवरून काढली होती, ती वेचणीला जशीच्या तशी लावू नका. २०-२५ बायकांवर यंत्र लावून शेजारी बसून त्या काय करतात याची मिनिटा-मिनिटाची नोंद ठेवा आणि दोन्ही ताडून पाहा. एवढा एक तुकडाही चांगला शोधनिबंध होतो.

नियोजनाला लागणारे आकडे असे. यंत्र ७ दिवस लावायचं. दिवसाला किमान १० तास आणि किमान ४ दिवस भरले तरच नोंद ग्राह्य, हा सर्वसाधारण प्रघात. सलग ६० मिनिटं शून्य नोंद असेल तर यंत्र काढून ठेवलं होतं असं धरतात. गोळा करणं, चार्जिंग, माहिती उतरवणं धरून एका फेरीला १० दिवस लागतात. १० यंत्रं असतील तर कागदावर महिन्याला ३० जणी होतात, प्रत्यक्षात २० धरा. यंत्रं विकत घेण्याच्या फंदात पडू नका, गाइडच्या विभागातून किंवा दुसऱ्या संस्थेतून उसनी मिळवा. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो आणि पट्ट्याखाली घामोळं उठतं. सुती पट्टा द्या, रात्री काढायला परवानगी द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी यंत्र फळीवर जातं.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी तुम्हाला येतेच, पण गावात ती कुठे बिघडते ते सांगतो. ३० मीटरची सरळ पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा नसते, शाळेचा व्हरांडा बघा. पट्टी आखूड असली की वळणं वाढतात आणि अंतर घटतं, म्हणून आधीची आणि नंतरची चाचणी एकाच पट्टीवर, एकाच वेळी, त्याच चपलांत घ्या. पहिल्यांदा दोन फेऱ्या घ्या, मध्ये ३० मिनिटं विश्रांती, आणि जास्तीचं अंतर धरा. दुसऱ्या फेरीत सवयीनेच अंतर वाढतं आणि ते तुमच्या व्यायामाचं यश म्हणून मोजलं जातं. दर मिनिटाला म्हणायची वाक्यं ठरलेली असतात. ती अहिराणीत आधी लिहून घ्या आणि तेवढीच म्हणा, प्रेमाने ‘चाल माय, चाल’ म्हणत राहिलात की अंतर वाढतं. गेल्या महिन्यात हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर चाचणी नाहीच. विश्रांतीतली नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टर.

भाषेचं काम कमी लेखू नका. प्रश्नावली प्रमाण मराठीत उपलब्ध असली तरी पारोळ्याच्या म्हातारीला ‘मध्यम तीव्रतेची हालचाल’ कळत नाही, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे तर पावरी किंवा भिलोरी लागेल. रीतसर पद्धत अशी: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ती दोन्ही जुळवायची, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, आणि मग ३०-४० जणींना विचारून ‘या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतला’ हे तपासायचं. याला सहज सहा महिने जातात. ‘व्यायाम’ हा शब्द शक्यतो टाळून कामांची यादीच वाचा: वेचणी, निंदणी, हंड्याने पाणी आणणं, सरपण, केळीच्या बागेतली मजुरी, गुरांचं करणं.

आता प्रयोग केवढा करायचा? नवख्या संशोधकाला दोन गटांची मोठी चाचणी खुणावते. समजा सहा मिनिटांत ३० मीटरचा फरक दाखवायचा आहे आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीची पसरण) ६० मीटर आहे. ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात ६३ लागतात. २० टक्के गळती धरली की ७९, म्हणजे एकूण १५८. आणि एकाच गावात दोन गट केले तर बायका एकमेकींना व्यायाम शिकवणारच, म्हणून गावं वाटून द्यावी लागतात. गावात २० जणी आणि गावांतर्गत साम्य (एकाच गावातल्या बायका एकमेकींसारख्या असण्याचं माप) ०.०३ धरलं तरी संख्या १.५७ पट होते, गळतीआधीच गटात ९९. एकट्या विद्यार्थिनीने हे करू नये. पीएच.डी.चे दोन भाग करा: पहिला मोजमापाचा, दुसरा ३० ते ४० जणींवर १२ आठवड्यांचा व्यवहार्यता अभ्यास, म्हणजे हे जमेल का ते पाहणारा छोटा प्रयोग. त्यात विचारलेल्यांपैकी किती जणी तयार झाल्या, किती सत्रं पाळली, किती गळल्या, कोणाला त्रास झाला, हे मोजायचं. ‘इतक्या टक्के टिकल्या तरच मोठी चाचणी’ ही रेघ आधीच मारून ठेवा. मोठी चाचणी पीएच.डी.नंतरच्या अनुदानाला ठेवा. आतड्याच्या कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर व्यायामाने आयुष्य वाढतं का, हे पाहणाऱ्या कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या चाचणीला ८८९ रुग्ण मिळवायला पंधराएक वर्षं लागली. २०२५ साली निकाल आला तेव्हा पाच वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ७३.९ टक्के होतं. या क्षेत्रात मोठी उत्तरं अशीच हळू येतात.

व्यायामाचा डोस औषधाच्या चिठ्ठीसारखा लिहा. ‘घरी व्यायाम सांगितला’ एवढंच लिहिलेले निबंध परत येतात. ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून उठणं-बसणं, १० चे ३ संच, आठवड्यातून ३ दिवस, संचांमध्ये २ मिनिटं विश्रांती. सलग दोन सत्रं सोपी गेली की पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात. कोणी शिकवलं, कुठे, किती जणींना एकत्र, हेही लिहा. यासाठी सर्ट ही १६ मुद्द्यांची तपासयादी आहे, ती पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिनवर असलेल्यांची साखर ९० च्या खाली असेल तर आधी काही खायला द्या, आणि नवरात्रात-श्रावणात उपवास आहे का हे विचारल्याशिवाय सत्र सुरू करू नका. प्रत्येक वेळी तळपाय बघा.

नंदुरबारकडे काम नेणार असाल तर एक सावधगिरी. तिथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे. तांबड्या पेशी लवकर मरत असल्या की एचबीए१सी खोटं कमी दिसतं, उलट लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात ते जास्त दिसतं. तिथे उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन सोबत घ्याच. सिकलसेलच्या रुग्णाला उन्हात, पाणी न पिता दमवणाऱ्या व्यायामाने वेदनेचा झटका येऊ शकतो, त्यांना या अभ्यासात मिसळू नका. त्यांच्यासाठी सुरक्षित हालचाल किती, हा स्वतंत्र विषय आहे आणि तो कोणीतरी घ्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

वेळापत्रक पंचांग आणि पीकपाणी समोर ठेवून आखा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळी माहेरी जातात, तेव्हा शेवटची मोजणी ठेवलीत तर निम्म्या सुना गावात नसतील. दिवाळीनंतर नंदुरबार-साक्रीकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात ती उन्हाळ्यातच परततात. १२ आठवडे सलग मिळणारा काळ शोधायचा तर वेचणी आटोपल्यावर, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत.

परवानग्यांचा क्रम चुकवू नका. आधी विद्यापीठाची विषयमान्यता, मग नोंदणीकृत नीतिसमितीची मंजुरी, मग सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. ती मोफत आहे, पण पहिली बाई अभ्यासात घेण्याआधीच व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रांसाठी जिल्हा परिषदेतल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं. अंगठा लावणाऱ्या बाईच्या संमतीला निःपक्षपाती साक्षीदार हवा, आणि ती आशाताई नसावी, कारण त्याच तुम्हाला बायका गाठून देणार. बुडालेल्या मजुरीची भरपाई अंदाजपत्रकात धरा. आशाताईंकडे ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक हा आजारांचा धोका तपासणारा अर्ज असतो. त्यात आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का, हा प्रश्न आहेच. तो किती खरा भरला जातो, हे तुमच्या यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहता आलं तर राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कामी येईल.

पीएच.डी.साठी तुमचा सरळ रस्ता नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात शारीरिक शिक्षणातून जायचं तर एम.पी.टी. पात्र धरतात का, हे त्या वर्षीच्या सूचनेत पाहून मगच अर्ज करा. फिजिओथेरपी हा नेटचा (प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीच्या पात्रता परीक्षेचा) स्वतंत्र विषय नाही, हे लक्षात ठेवून तयारी करा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ, म्हणजे संशोधनवृत्तीची परीक्षा सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने उघडी आहे का तेही तपासा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत. महिलांना २ वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, लग्नाचा विषय घरात निघेल तेव्हा हे सांगा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेले गाइड नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, तेव्हा पहिल्याच भेटीत विचारायला संकोच नको. गाइड निवडताना त्यांचे मागचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले हे बघा, आणि आकडेमोड जाणणारा सहगाइड मिळवा, धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागात विचारून बघा.

पैशाचं. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. नसेल तर आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या बघा. या पूर्णवेळ संशोधनासाठी असतात, सोबत पगारी नोकरी चालत नाही. नुसतं संशोधन करायच्या जागा राज्यात मोजक्या आहेत आणि खानदेशात त्याहून कमी. बहुतेकांना फिजिओथेरपी कॉलेजात दिवसभर शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करावं लागतं. हे मान्य असेल तरच या. क्लिनिक टाकायचं कर्ज मात्र आत्ता घेऊ नका, हप्ता सुरू झाला की फील्डवर्क थांबतं.

या महिन्यात एवढं करा. पेड्रो हा फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा मोफत संग्रह आहे. त्यात आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या शोधसंग्रहात मधुमेह, शेतकाम, ताकदीचे व्यायाम असं शोधून १५ निबंध काढा आणि प्रत्येकासमोर ‘कष्टाचं काम करणारे यात होते का?’ एवढा एकच रकाना भरा. त्यावरून एका पानाचा प्रस्ताव लिहा: प्रश्न, कोणावर, मुख्य मोजमाप एकच, कुठल्या महिन्यांत, किती जणी. तीन संभाव्य गाइडांना त्यांचा एखादा निबंध वाचून, त्याचा उल्लेख करून पाठवा. दहा जणांना एकच मजकूर पाठवू नका. प्रसिद्धीसाठी पैसे मागून आठवड्यात छापून देणाऱ्या मासिकांच्या मेलना उत्तर देऊ नका. आणि दवाखान्यात येणाऱ्या बायकांना कालच्या दिवसाचं काम तासातासाने विचारायला लागा. नीतिसमितीच्या मंजुरीआधी ही माहिती प्रबंधात वापरता येणार नाही, म्हणून नावं लिहू नका. तुमची प्रश्नावली कोणत्या कामापाशी अडते, तेवढंच टिपून ठेवा.